गुडघ्यांसाठी तीन हॉर्सपॉवर

आमच्या मळ्यात पोहण्याचा तलाव होता असं मी कुणाला सांगितलं, की ऐकणारा माझ्याकडे नव्यानं बघतो. त्याच्या डोळ्यांपुढे रंगीत छत्र्या, आरामखुर्च्या आणि सरबताचे उंच ग्लास उभे राहतात. मी त्याला एक-दोन मिनिटं त्या श्रीमंतीत खुशाल राहू देते, कारण मला मजा येते. मग हळूच सांगते, की त्या तलावात पोहायला सक्त मनाई होती. तो माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी बांधला होता. काठावर आरामखुर्ची नव्हती, एक लाकडी स्टूल होतं, आणि त्या स्टुलावर माझे सासरे मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसायचे.

मी लग्न होऊन त्या घरात आले ती ऐंशीच्या आसपास. माहेर नाशिक रोडचं, कॉलनीतल्या दोन खोल्यांचं. सासर गंगापूर रस्त्याला, शहर संपून द्राक्षांचे मळे सुरू व्हायचे तिथलं. कॉलेजात मी नाटकांतून कामं केलेली, तीही नेहमी खाष्ट म्हातारीची, कारण माझा आवाज. त्यामुळे सासरी जाताना माझी एकच काळजी होती, खऱ्या म्हातारीसमोर माझं कसं होणार. पण सासूबाई निघाल्या गोड. घरात नाटक करणारं माणूस वेगळंच होतं.

सासऱ्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. उंच, सडपातळ, धोतर पांढरंशुभ्र, आणि विजेच्या दिव्यांशी उभं वैर. माणूस खोलीतून बाहेर पडला की त्याच्या मागोमाग दादा आत जात आणि बटण बंद करत. बाहेर पडलेला माणूस फक्त पाण्याचा तांब्या आणायला गेला असेल, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुणी रेडिओ ऐकत होतं का हे त्यांना विचारावं लागत नसे; रेडिओच्या पाठीवर हात ठेवून ते ताप बघितल्यासारखं बघत. थंडीत फ्रीज बंद. "बाहेर काय उन्हाळा हाय का?" असं विचारून ते दुधाचं पातेलं स्वतः खिडकीत नेऊन ठेवत.

अशा माणसानं तीन हॉर्सपॉवरची मोटर लावलेला तलाव बांधला. का, ते सांगते.

सासूबाईंचं माहेर सटाण्याचं. अक्षय्य तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात, आणि तो सण दिवाळीच्या वरचढ. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात आणि सासरच्यांची यथेच्छ उणीदुणी काढतात. त्यांच्या माहेरच्या परसातलं झोक्याचं कडुलिंबाचं झाड एका वादळात पडलं. तेव्हापासून त्यांच्या भावानं झोका माडीवरच्या तुळईला बांधायला सुरुवात केली. माडीला बावीस पायऱ्या, लाकडी, उभ्या, कठड्याच्या जागी एक दोर. आणि सासूबाईंचे गुडघे सहाव्या पायरीला बंद पडायचे. तीन वर्षं त्या आखाजीला खाली ओसरीवर बसून वरच्या गाण्यांना टाळ्या वाजवत होत्या. वरून त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमची मावशी, गळा काढून ओरडायची, "अक्का, वर ये ना वं! का दोर बांधीसन वढू तुले?" त्यावर वरच्या पंधरा-वीस बायका हसायच्या. सासूबाईही हसायच्या. नाशिकला परत आल्या की दोन दिवस जेवायच्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, औषधानं फार काही होणार नाही. रोज अर्धा तास कमरेएवढ्या पाण्यात चाला, गुडघ्यावर वजन येत नाही आणि ताकद वाढते. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि घराशेजारच्या उंचवट्यावर खड्डा खणायला माणसं लावली. तीस फूट लांब, बारा फूट रुंद, चार फूट खोल, आत उतरायला लोखंडी शिडी. मुंबईहून एक फिटर आला. त्यानं वाळूचा फिल्टर बसवला, मोटर बसवली, आणि तंबाखू चोळत सांगितलं, "रोज आठ तास चालवा. मोटर पाणी ओढणार, वाळूतून गाळणार, परत टाकीत सोडणार. हेच पाणी वर्षभर चालेल. पाणी बदलायची गरजच नाही." एवढं सांगून तो मुंबईला गेला, आणि त्याचे शब्द आमच्या घरात पोथीसारखे राहिले.

सासूबाई नऊवारीचा घट्ट काष्टा मारून पाण्यात उतरल्या. पोहण्याचा इतका झकास पोशाख अजून कुणी शोधलेला नाही, हे मी प्रतिज्ञेवर सांगते. पहिल्या दिवशी शिडी धरून उभ्या राहिल्या. आठव्या दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. पुढे मीही त्यांच्याबरोबर उतरायला लागले. आम्ही दोघी एकेक गुडघा उचलून चालायचो, जिना चढल्यासारखं, आणि मोठ्यानं मोजायचो, एक, दोन, तीन, थेट बावीस. बावीसला सासूबाई दोन्ही हात वर करायच्या आणि एक आरोळी ठोकायच्या. द्राक्षांत काम करणाऱ्या बायका माना वर करून बघायच्या.

आणि मग बिल आलं.

दादांनी ते जेवणाच्या पाटावर बसून वाचलं. मी कॉलेजात नाटकं केली, पण असं वाचन माझ्या ऐकण्यात नाही. आधी शांतपणे मागचे महिने, मग पाण्याचा एक घोट, मग या महिन्याचा आकडा. मागच्याच्या तिप्पट. आमटी गार झाली.

"पुन्हा वाचा," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला? कमी होणार हाय का?"

आमचे हे तोंडातल्या तोंडात म्हणाले, "डॉक्टरांच्या बिलापेक्षा कमीच आहे."

दादांनी बिलाची घडी घातली आणि निकाल दिला. "आखाजीपर्यंत वेळ देतो. तोवर बिल याच्या निम्म्यावर आलं तर आलं. नाय तर आखाजीनंतर टाकीत माती भरायची आणि वर मांडव टाकून वेल लावायचे. जमीन चांगली हाय ती."

सासूबाईंनी ताटातला उरलेला भात चिवडला आणि माझ्याकडे बघितलं. तोवर त्या पाण्यात बावीस मोजत होत्या, पण घरातल्या ओट्याच्या चार पायऱ्यासुद्धा अजून हाताचा आधार घेऊन चढत होत्या. एका वर्षाचं काम होतं ते. आखाजी पाच महिन्यांवर.

दादांचं एक सांगते. टाकी बुजवणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. म्हणून बिल कमी करायला सगळ्यात जास्त धडपडले ते स्वतःच. पहिली गोष्ट, त्यांनी मोटरीचे आठ तासांचे दोन तास केले. त्यावर पहारा म्हणून मोटरीचा फ्यूज काढून ते बंडीच्या खिशात ठेवायला लागले. फ्यूज खिशात घेऊन ते बाजारात जात, लग्नाला जात, एकदा तर तेराव्याला जाऊन आले. दोन आठवड्यांत पाण्याला हिरवी साय आली. तिसऱ्या आठवड्यात एक बेडूक राहायला आला. सासूबाई त्याच्याशी जुळवून घ्यायला तयार होत्या, पण बेडूक नव्हता.

मग दादांना सुचलं, की घाण आत पडूच दिली नाही तर गाळायला मोटर लागेल कशाला? त्यांनी घरातल्या सगळ्या जुन्या साड्या मागवल्या. मी आणि सासूबाई तीन दुपारी बसून त्या एकमेकींना टाके घालून शिवत होतो. शेवटी तीस फुटी गोधडी झाली, लाल, जांभळी, मोरपंखी, मध्ये सासूबाईंच्या शालूचा पट्टा. रोज चालून झालं की चौघांनी चार कोपरे धरून ती टाकीवर ओढायची. पानं पडायची थांबली, धूळ थांबली. कल्पना खरोखर चांगली होती. फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांना आमच्याकडे कायम मांडव घातलेला दिसायचा. दोन वेळा लोक लग्न समजून आत आले, एकदा तर आहेर घेऊन.

बिल थोडं उतरलं. निम्मं नाही. आणि सावलीतही शेवाळ यायचंच. होळीच्या सुमाराला दादा शेवाळाकडे बघत बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तो बघून मला आनंद झाला. पुढे काय होणार ते कळलं असतं तर मी तो उजेडही बटण दाबून बंद केला असता.

त्या काळी द्राक्षवाल्याच्या घरात एका गोष्टीवर आंधळा विश्वास असायचा, मोरचूद. तांब्यापासून बनणारे निळे खडे. ते पाण्यात विरघळवायचे, चुना मिसळायचा आणि वेलींवर फवारायचं. केवडा रोग पळतो. पानावर डाग दिसला, मोरचूद. बुरशी आली, मोरचूद. पाहुणा फार दिवस राहिला असता तर दादांनी त्याच्याही अंथरुणाखाली दोन खडे ठेवले असते.

"शेवाळ म्हणजे काय?" दादांनी मला विचारलं. "बुरशीची चुलत बहीण. आणि तिचं औषध आपल्या खोलीत पोतंभर पडलंय."

त्यांनी बादलीत मोरचूद विरघळवला आणि टाकीत ओतला. किती, ते त्यांनी बागेच्या हिशेबानं ठरवलं. चुना मात्र घातला नाही, कारण चुन्यानं पाणी गढूळ दिसलं असतं. आता द्राक्षवाले औषध बरोबर झालंय का ते बघायला त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय, पान जळेल. दादांनी सवयीनं विळा बुडवला. बाहेर काढला. पातं लालसर झालं होतं, नव्या तांब्याच्या गडव्यासारखं.

"दादा," मी म्हटलं, "हे बघा ना, लाल झालं."

"ते वेलींसाठी असतं सूनबाई. पानं जळू नयेत म्हणून. माणसाला कुठं पानं असतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टाकीवर गेलो. शेवाळ साफ गेलं होतं. तळ दिसत होता. पाणी असं निळं, की कॅलेंडरवरच्या काश्मीरनं मान खाली घालावी. मोटर दिवसाला अर्ध्या तासावर आली. दादा रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारून आत बोलवत आणि पाणी दाखवत. "हात घाला, घाला हात. मुंबईचा फिटर आठ तास म्हणाला होता. आम्ही अर्ध्या तासावर आणलं."

आता मला एक कबुली द्यायची आहे. दादांचा नियम होता, टाकीत फक्त चालायचं. पोहणं, तरंगणं, बुड्या मारणं बंद. त्यांना भीती वाटायची. पण अर्धा तास रोज चालून चालून आम्हाला दोघींना कंटाळा आला होता, आणि दादा दुपारी वामकुक्षी घ्यायचे. मी सासूबाईंना पाठीवर तरंगायला शिकवलं. मानेखाली माझा हात, मग दोन बोटं, मग काहीच नाही. पहिल्यांदा सुट्या तरंगल्या तेव्हा त्या आभाळाकडे बघून म्हणाल्या, "कुठं दुखत नाही गं. कुठंच नाही." मग त्यांना बुडी मारायची होती. मग बुडी मारून तळातला खडा आणायचा होता. पाणी निळं झाल्यापासून तर तळ इतका स्वच्छ दिसायचा, की बाई वर यायलाच तयार नसायच्या. मी काठावर पहारा द्यायचे.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सासूबाई न्हाऊन अंगणात केस सोडून बसल्या होत्या. त्यांचे केस पूर्ण पांढरे, कापसासारखे, कमरेपर्यंत. मी तेल घेऊन गेले आणि थबकले. मला वाटलं झाडाची सावली पडली असेल.

"आई, जरा इकडे सरका."

"का?"

"ऊन लागेल."

"मग मी उन्हात कशाला बसलेय?"

त्या सरकल्या. सावली केसांबरोबर सरकली. मी पुन्हा सरकवलं, तिसऱ्यांदा सरकवलं, अख्खं अंगण झालं. शेवटी आरसा आणला. त्यांनी एक बट डोळ्यांसमोर धरली आणि उन्हात फिरवून बघितली.

"किती हिरवे दिसतात?"

"पोपटाएवढे नाही," मी म्हटलं.

"कैरीएवढे?"

"कैरीएवढे."

तेवढ्यात दादा आले. त्यांनी चष्मा लावला, बट हातात घेतली आणि ती उलटी करून तिची खालची बाजू बघितली. चाळीस वर्षांची सवय. रोग आधी पानाच्या खालच्या बाजूला दिसतो. "केवडा नाय," ते स्वतःशी म्हणाले. मग विचारात पडले. मग त्यांना सगळं कळलं, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळली.

"टाकीतलं पाणी कमरेएवढं."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"केस डोक्यावर."

"हो."

"मग भेट झाली कुठं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी रंगभूमीवरून पळ काढणाऱ्यांतली नव्हे. पुढं झाले, मान खाली घातली आणि म्हटलं, "दादा, मीच त्यांना बुडी शिकवली. तळातला खडा काढतात आता. एका दमात तीन." माझी बट काळी होती म्हणून सापडले नव्हते, एवढंच.

मला वाटलं होतं स्फोट होईल. दादा बायकोकडे बघत राहिले. "तीन?" त्यांनी विचारलं. आणि मग, "आणि गुडघा?"

"बुडीत गुडघा नाही दुखत," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी बट दादांच्या हातातून ओढून घेतली. "पण आता हे असं डोकं घेऊन मी सटाण्याला जाऊ? त्या आधीच हसतात. नुसत्या खाली बसले तरी हसतात."

उपाय सुरू झाले. रिठा झाला, शिकेकाई झाली, ताक झालं. कामाला येणाऱ्या बाईंनी मेंदी सुचवली. सासूबाई म्हणाल्या, "आधीच हिरवी आहे, आता वरून पाला कशाला?" शेवटी त्यांना स्वतःलाच सुचलं. "हे तांबं आहे ना? मग तांब्याला काय लावतो आपण?" आणि त्यांनी मला चिंच भिजत घालायला सांगितली. मी सासूचं डोकं बंबासारखं घासलं, चिंच आणि मीठ लावून. थोडा फरक पडला. कैरीचा रंग उतरून काकडीच्या आतल्या रंगावर आला. पुढे मुळाशी नवे पांढरे केस आले, खाली हिरवे राहिले, आणि सासूबाई उलट्या धरलेल्या मुळ्यासारख्या दिसायला लागल्या. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि त्या माझ्यापेक्षा जास्त हसल्या होत्या.

दादांना मात्र हसू येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुढी उभारून झाली आणि ते म्हणाले, "ते पाणी सोडून देतो." पण तीस फुटी टाकीभर पाणी नुसतं सोडून देणं त्यांच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. टाकी उंचवट्यावर, बाग खाली उताराला. त्यांनी टाकीच्या बुडाशी असलेलं बूच काढलं आणि फावड्यानं पाट वळवून ते निळं पाणी द्राक्षांच्या ओळींत घेतलं. "ज्याचं औषध त्याला," ते म्हणाले. मग शेतीची वीज होती तोवर विहिरीवरची मोटर लावून टाकी पुन्हा भरून घेतली.

तीन दिवसांनी बागेला पुन्हा पाण्याची पाळी आली. दादा विहिरीकडे निघाले. सासूबाई डोक्याला चिंच लावून अंगणात बसल्या होत्या.

"कुठं निघालात?"

"मोटर लावायला. बागेला पाणी नको?"

"टाकीतलं सोडा ना."

"आणि टाकी?"

"विहिरीचं टाकीत घ्या, टाकीचं बागेत सोडा. पाणी एका बाजूनं येईल आणि दुसऱ्या बाजूनं जाईल. साचलंच नाही तर शेवाळ येईल कुठून? विहिरीची मोटर बागेसाठी एवीतेवी चालतेच. मग ही दुसरी हवी कशाला, तेच पाणी गरगर फिरवायला?"

दादा उभे राहिले. त्यांनी टाकीकडे बघितलं, मग बागेकडे, मग विहिरीकडे. चाळीस वर्षं चालवलेली विहीर, पिढ्यान्‌पिढ्यांचा पाट, आणि मधे तो फिटर तंबाखू चोळत उभा होता, पाणी बदलायची गरजच नाही म्हणत. घरात सगळ्यांनी तेच मनाशी धरलं होतं, की पोहण्याच्या टाकीचं पाणी म्हणजे ठेवण्याचं पाणी. शेतकऱ्याच्या घरात पाणी पुढे सोडायचं असतं, हे कुणाला आठवलं नाही.

"आधी का नाय बोललीस?" दादांनी विचारलं.

"आधी माझं डोकं हिरवं नव्हतं."

त्या दिवसापासून तीन हॉर्सपॉवरची मोटर पोत्यात गुंडाळली गेली. विहिरीचं गार, ताजं पाणी टाकीत पडायचं, आम्ही त्यात चालायचो, बुड्या मारायचो, आता उघड, आणि दुसऱ्या टोकाला तेच पाणी पाटानं वेलींकडे जायचं. आमच्या वेळा द्राक्षांच्या पाळीप्रमाणे बदलल्या, एवढंच. आठवड्याभरात दादा रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला पुन्हा आत बोलवायला लागले. "मी विचार केला," ते सुरुवात करत. सासूबाई माझा हात दाबत, म्हणजे मी काही बोलू नये.

पण बिल यायचं होतं. ते आलं नाही, आणि आखाजी आली.

मी आणि सासूबाई एसटीनं सटाण्याला गेलो. पदर कपाळापर्यंत, कानांमागे पिना, मी स्वतः मारलेल्या. माहेरी शिरल्या त्या थेट जिन्याशी. वरून तुळईची करकर आणि गाणी येत होती. मावशी नेहमीप्रमाणे वरून डोकावली आणि तोंड उघडलं, पण तिला बोलायला वेळच मिळाला नाही. सासूबाईंनी डाव्या हातानं दोर धरला, उजवा गुडघा उचलला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "एक!"

सहावी पायरी आली. त्या थांबल्या नाहीत. दहाव्याला वरची गाणी बंद झाली. पंधराव्याला वरच्या बायकांनी त्यांच्याबरोबर मोजायला सुरुवात केली. सोळा. सतरा. विसाव्याला त्या थांबल्या, घाम पुसला, दोन्ही पाय एका पायरीवर आणले, आणि मला वाटलं संपलं. मग एकवीस, बावीस, आणि ती पाण्यातली आरोळी. ओसरीवर बांधलेली शेळी घाबरून दावं तोडून गेली.

"चढी गयी वं माय!" मावशी किंचाळली आणि तिनं अक्काला मिठी मारली. त्या मिठीत माझ्या सगळ्या पिना सुटल्या.

पदर खाली आला. वीस बायका, आणि मधोमध मुळा.

"अक्का, हाई काय शे?" मावशीनं विचारलं.

सासूबाई झोक्यावर बसल्या. दोन्ही कड्या धरल्या, पाय मागे रेटले आणि झोका घेतला. हिरवे केस मागे उडाले. "हाई नाशिकनी फ्याशन शे," त्या म्हणाल्या. "तुम्हले नही जमाव."

त्यानंतर काय हसल्या बायका! पण ते हसणं वेगळं होतं. एकीनं तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की हा रंग कुठल्या दुकानात मिळतो.

संध्याकाळी पानं वाढली. सगळ्या खाली उतरल्या. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी आल्या, एक पाय खाली टाकला, आणि "आई गं" करून परत वर बसल्या. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकाच वेळी आमच्या लक्षात आलं. पाच-सहा महिने आम्ही पाण्यात जिना चढत होतो. उतरायचा सराव एक दिवसही केला नव्हता. आणि उतरताना गुडघ्यावर येणारा भार म्हणजे चढण्याच्या दुप्पट.

त्या माडीवरच राहिल्या. पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी भावानं चौघे जण बोलावून खुर्चीतून उतरवायचं म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "चौघांच्या खांद्यावरून जायची वेळ यायची आहे अजून." तिसऱ्या दिवशी सकाळी दारात द्राक्षांच्या पेट्या नेणारी आमची जीप थांबली आणि दादा उतरले. कुणीतरी फोन करून निरोप दिला होता. ते जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले आणि वर बघितलं.

"उतर."

"नाही उतरता येत."

"चढलीस कशी?"

"चढायचं शिकले होते."

दादांनी चपला काढल्या, धोतर वर खोचलं, जिना चढून वर गेले आणि बायकोच्या एक पायरी खाली, तिच्याकडे पाठ करून बसले. "बस खाली," ते म्हणाले. "बसून उतरायचं. मी पुढं हाय." आणि ती दोघं निघाली. ते एक पायरी खाली सरकायचे, या एक पायरी खाली सरकायच्या. पांढरंशुभ्र धोतर एकेका पायरीची धूळ गोळा करत चाललं होतं. गल्लीतली माणसं दारात जमली. मावशी वरून सूचना देत होती, त्या कुणी ऐकत नव्हतं.

अकराव्या पायरीवर सासूबाई दम खायला थांबल्या.

"बिल आलं?"

"आलं."

"मग?"

दादा आपल्या हाताच्या वितीनं पायरीची उंची मोजत होते. एकदा मोजली, मग वरची मोजली, मग खालची.

"निम्म्याच्या खाली हाय," ते म्हणाले. "टाकीत गवंडी लावलाय. आतून पायऱ्या बांधतोय, पाण्यात बुडालेल्या, पार तळापर्यंत. उंची काय ठेवायची म्हणून विचारत होता. ह्या एवढीच ठेवू ना?"

"जरा कमी ठेवा."

"मग इथं काय कामाच्या? एवढीच ठेवतो."

"अहो, पण सुरुवातीला तरी..."

आणि दोघांचा वाद सुरू झाला, अकराव्या पायरीवर, ऐन नाश्त्याच्या वेळी. वरच्या बायकांना खाली यायचं होतं, खालच्यांना पोह्यांचं पातेलं वर न्यायचं होतं, आणि जिना एकच होता.